मेथीसारखी मांडलेली मासळी

या, असे पुढं सरका. तिथं कडेला बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही, आणि मोठ्यानं बोलले तर मी भांडतेय असं अख्ख्या आळीला वाटतं. तुम्हा शहरातल्या माणसांवर माझा जरा रागच आहे, आत्ताच सांगून टाकते. हिवाळ्यात पहाटे गाड्या घेऊन येता, होडीत बसून त्या लांब पायांच्या गुलाबी पक्ष्यांचे फोटो काढता, दुपारी हायवेच्या कडेला चिलापी खाता, बोटं चाटता, आणि हात वाळायच्या आत टोलनाका गाठता. पक्षी कुठून आला ते विचारता. मासा कुठून आला ते विचारता. मसाला कसा करतेस तेही विचारता, आणि मी सांगितला की तो मोबाईलमध्ये भरून घेता. म्हातारी कुठून आली, हे मात्र आजपर्यंत एकानंही विचारलेलं नाही. तेव्हा न विचारताच सांगते. आता निमूट ऐका.

इंदापूर तालुक्यातला हा काठ मुळात कोरडा. ढग यायचे, आमच्या माळावर घटकाभर सावली धरायचे आणि बारामतीकडं निघून जायचे. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, त्यांचे सोयरे तिकडं आहेत, आपण नुसते वाटेत लागतो. कुसळं, दगड, वेड्या बाभळी आणि वैशाखात डोळ्यांत तिखट टाकल्यासारखा वारा. असल्या गावाला धरणानं समुद्र दिला. पाऊस पडलाच नाही, पाणी मात्र आलं. वरून नव्हे, खालून. उजनीचा फुगवटा चढत चढत आमच्या वांग्याच्या रानात शिरला. उन्हाळ्यात तो मागं सरायचा, पण आमच्या रानापर्यंत कधी सरला नाही. रान गेलं, जुनं घर गेलं, आणि आम्ही वर माळावर पत्र्याच्या घरात आलो. मागं दगड आणि पुढं नजर पोचेल तिथवर पाणी. पाण्याच्या कडेला जमिनीची एक चिंधी तेवढी उरली होती, तिच्यात आई मेथी, कोथिंबीर आणि चार काकडीचे वेल लावायची. पाहुणे यायचे, पाणी बघायचे आणि म्हणायचे, काय नशीब आहे तुमचं! आई त्यांना प्यायला पाणी द्यायची.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. दुपारी पत्रा तापला की वर कुणी हरभरे भाजतंय असा कडकड वाजायचा. पाण्यामागोमाग मासळी आली होती आणि मासळीमागोमाग नदीकाठानं फिरणारी जाळ्यांची माणसं. त्यांची पालं आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी वल्ह्यांचा आवाज, दिवसभर जाळी सांधता सांधता बायकांची एकमेकींना शिवीगाळ, आणि सांजेला तव्यावरचं चर्र. तो वास आमच्या घरात शिरला की आई निखाऱ्यावर ऊद टाकायची. महिनाभरात आमच्या घराला ऊद आणि तळलेली मासळी यांचा मिळून जो वास लागला, तो मला पुढं कुठं भेटला नाही. एकदा एका मोठ्या लग्नात कुणी मनगटाला अत्तर लावलं तेव्हा मला एकदम घरची आठवण झाली, पण यजमानांना काय वाटेल म्हणून गप्प बसले.

आबा आणि आई दोघंही माळकरी. आमचं खाणं म्हणजे बाजरीची भाकरी, मिरचीचा खर्डा, आणि सांजेला हुलग्याचं माडगं. माडग्यात गुळाचा खडा पडला की त्या दिवशी सण. आई मासळीला मासळी म्हणायची नाही, 'तसलं' म्हणायची. तसलं धुतलेलं पाणी माझ्या मेथीला घालू नको, असं ती मला बजावायची. मी मात्र पालांवरून बादली भरून आणायची आणि गुपचूप वाफ्यात ओतायची. मेथी अशी तरारायची की आई कौतुकानं गावभर दाखवायची, आणि हे देवाच्या नावाचं फळ आहे म्हणायची. मीही हात जोडायची.

आबा रोज सकाळी तोंड धुऊन पाण्याच्या कडेला जाऊन बसायचे, आपल्या रानाकडं तोंड करून. आम्हाला पाणी दिसायचं, त्यांना रान दिसायचं. एखादी होडी त्या बाजूनं निघाली की ताडकन उभे राहायचे आणि हात हलवून सांगायचे, बांधावरनं जा की, पिकातनं काय जातोस! होडीवाले हसायचे. काशीमावशी तेवढी हसायची नाही. ही पालांवरची, माझ्या आईच्याच वयाची बाई, नवरा वारल्यावर स्वतः होडी चालवायची. तिनं एक दिवस आबांजवळ येऊन नीट विचारून घेतलं की बांध कुठनं कुठवर आहे. आबांनी बोटानं पाण्यावर दाखवला. त्या दिवसापासून ती त्या न दिसणाऱ्या बांधाला वळसा घालून जायची, वल्ही जास्त मारावी लागली तरी. आबा तिच्याशी कधी फार बोलले नाहीत, पण ती गेली की आपणहून सांगायचे, बाई रीतीची आहे.

मी तिच्या पालावर पडीक असायची. मला वाटायचं, मी होडी चालवते. खरं तर होडी काशीमावशी चालवायची आणि मी वल्ह्यानं पाणी ढवळायची. ती विचारायची, "शेवंते, ताक घुसळतीस व्हय गं?" दोनदा मी तोल जाऊन पाण्यात पडले, आणि दोन्ही वेळा मी मुद्दाम पडले असं सगळ्यांना सांगितलं. तरी त्या पाण्याचं मला वेड लागलं होतं. सकाळी त्यावर धूर तरंगायचा, दुपारी ते डोळे दिपवायचं, सांजेला पक्षी उतरले की सगळं पाणी कुजबुजायला लागायचं. माळावरच्या पोरीला हे कुठलं माहीत? आमच्याकडं पाणी म्हणजे घागरीत मावेल एवढीच गोष्ट होती.

आणि अशात सोमेश्वरनगरहून मामा आला. तो तिथं साखर कारखान्यावर कामाला. त्यानं आबांसाठी काम बघितलं होतं, राहायला खोलीही बघितली होती. पाडवा झाला की ट्रॅक्टर घेऊन येतो, सामान भरा, म्हणाला. आबा लगेच कबूल झाले. मला वाटलं होतं ते रान सोडून हलायचे नाहीत. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी आईला सांगितलं, "रोज मढ्याशेजारी बसल्यावानी वाटतंय. किती दिस बसू?" आईनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली. तिला काय वाटतं ते कुणी विचारलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मी बघितलं, पाडव्यानंतर सोडून जायच्या वाफ्यात ती नव्यानं मेथी टाकत होती. जायच्या घरची बाई बी पेरत नाही, एवढं मलाही कळत होतं.

मग माझ्यातला शहाणपणा जागा झाला. तो माझ्यात अजून आहे. लोक वेळ बघून लांब बसतात. काशीमावशी आपली मासळी हायवेवर ट्रक घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला द्यायची, आणि तो देईल ते घ्यायची. मी आबांपुढं उभी राहिले आणि म्हणाले, मासळी मी इंदापूरच्या बाजारात नेते. विकण्यात काय आहे, पिढ्यान्‌पिढ्या भाजी विकतोच की आपण! आणि त्यावर घर चालवून दाखवते. आबांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. माझ्या गळ्यात अजून माळ नव्हती, तेव्हा धर्माची अडचण नव्हती. ते म्हणाले, "एक बाजार. तेवढ्यातनं घरचा किराणा आणलास तर ऱ्हाऊ. न्हायतर त्याच सांजला ट्रॅक्टर भरायचा." आबा इतक्या सहज कबूल कसे झाले याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. त्यांना खात्री होती की मी तोंडावर आपटणार. माझ्याबाबतीत त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

बाजारच्या दिवशी काशीमावशीनं चिलापीच्या दोन पाट्या बर्फात भरून, वर गोणपाट बांधून दिल्या. तिनं त्या दिवशी धरलेली आख्खी मासळी माझ्या हवाली केली होती, आणि मी तिला चिंता करू नको असं एवढ्या वेळा सांगितलं की ती चिंता करायला लागली. एसटीत कंडक्टरनं विचारलं काय आहे, तर मी सांगितलं काकडी. त्यानं पाट्या टपावर चढवल्या. बस तापली तसा बर्फ वितळून खिडकीतून थेंब थेंब आत गळायला लागला, नेमका एका पांढरे कपडे घातलेल्या तात्यांच्या टोपीवर. कंडक्टर माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "काकडी लय रसाळ दिसतीया, पोरी." आई तीन बाकडी पुढं आपल्या मेथीच्या गाठोड्यावर बसली होती. तिनं पदर इतका पुढं ओढला होता की ही आपली कोण, हे तिनं विठ्ठलालासुद्धा कळू दिलं नसतं.

बाजारात मासळीवाल्यांची ओळ एका टोकाला, भाजीची दुसऱ्या. मी मासळीच्या ओळीत जागा धरली आणि पाटी उघडली. आता बघा, बाजार मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पाळण्यात असल्यापासून मी आईचं ऐकत आले होते. भाजीला बर्फ दाखवायचा नाही, पानं करपतात. खाली ओला गोणपाट, वरून पाण्याचा शिपका, आणि जुड्या अशा मांडायच्या की गिऱ्हाइकाचा पाय आपोआप थबकला पाहिजे. मी पाटीतला सगळा बर्फ गटारीत ओतला. ओला गोणपाट अंथरला. त्यावर चिलापी ओळीनं मांडल्या, तोंडं एकीकडं, शेपट्या एकीकडं, मधे कडुनिंबाचा हिरवा डहाळा. आणि बसले शिपके मारत. दुसऱ्या पाटीला जागा नव्हती म्हणून ती तशीच बांधलेली मागं ठेवली. त्यात माझी अक्कल नव्हती. जागाच तेवढी होती.

पहिला तासभर मांडणी बघायला लोक थांबले. त्यांनी कौतुक केलं आणि पुढं जाऊन मासळी दुसरीकडून घेतली. चैत्राचं ऊन, इंदापूरचा बाजार, आणि मी भक्तिभावानं पाणी शिंपडतेय. जितकं शिंपडावं तितके मासे मलूल व्हायला लागले. मेथी मलूल झाली की आपण काय करतो? अजून शिंपडतो. मीही तेच केलं. मग माशा आल्या. मग वास आला. माझ्या शेजारची मासळीवाली, तोंडात तंबाखू धरलेली दांडगी बाई, बराच वेळ नुसती बघत होती. शेवटी तिनं विचारलं, बर्फ कुठाय? मी ऐटीत सांगितलं, ओतला, करपली असती ना. तिनं तोंडातली तंबाखू एका गालात सारली. मग म्हणाली, "हळद-मीठ आणू का? वाळवणच घालायचं असंल तर नीट घाल, बाय." तिनं ते पलीकडच्या बाईला सांगितलं, तिनं तिच्या पलीकडचीला, आणि हसणं त्या ओळीतून असं सरकत गेलं की बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला, भाजीच्या ओळीत, माझ्या आईपर्यंत पोचलं.

मी तेव्हा रडत नव्हते, डोळ्यांत ऊन गेलं होतं. घरी मामाचा ट्रॅक्टर एव्हाना आला असेल, आबा दोऱ्या काढून बसले असतील, एवढंच डोक्यात फिरत होतं. तेवढ्यात पदराआडून आवाज आला, "ती दुसरी पाटी उघडली न्हाईस न्हवं?" आई उभी होती. नाकावर पदर, नजर आभाळाकडं. तिनं आपली मेथी शेजारणीच्या भरवशावर टाकली होती, आणि आई मेथी कुणाच्या भरवशावर टाकणारी बाई नव्हे. म्हणाली, "वासाची बाजूला कर. दुसरी सोड. बरफ ऱ्हाऊ दे. तू तोल, म्या बोलते."

आणि ती बोलायला लागली. माशांकडं पाठ करून, भाजीच्या आवाजात, जो आवाज तिला येत होता त्याच आवाजात. या ताई, सकाळचं तोडलेलं हाय. कवळं हाय, दोन उकळ्यांत शिजंल. बी जास्त न्हाय. सगळी ओळ वळून बघायला लागली. तंबाखूवाली हसता हसता तंबाखू गिळून बसली आणि तिला उचकी लागली. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि ही बाई डोळे मिटून चिलापी विकतेय, हे बघायला गर्दी जमली आणि गर्दी जमली म्हणून घ्यायलाही जमली. एका मास्तरणीसारख्या दिसणाऱ्या बाईनं विचारलं, चांगली आहे कशावरून, तुम्ही खाता का? आईनं तेव्हा पहिल्यांदा डोळे उघडले. म्हणाली, "म्या खात न्हाय, बाई. खोटं कशाला बोलू? पर ही विकली न्हाय तर आज सांजला माजं घर उठतंय. वाईट माल तुमच्या पदरात कसा घालीन?" त्या बाईनं घेतली. तिच्या मागच्या दोघींनीही घेतली.

गर्दीत मी घाईघाईनं तोलत होते आणि एक चिलापी तागडीतून सटकली ती थेट आईच्या पायावर. ओल्या मातीत मासा पडला होता, गिऱ्हाईक समोर पिशवी उघडून उभं होतं. आई वाकली, शेपटीला धरून तो उचलला, पाण्यात बुचकळला आणि तागडीत ठेवला. मला म्हणाली, "ध्यान कुठाय तुजं? तोल." पुढं सबंध बाजारभर तिनं तो हात अंगापासून लांब धरला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतला आहे.

दुसरी पाटी संपली. त्यातून काशीमावशीचे पैसे बाजूला काढले आणि उरलेल्यात मीठ, तेल, गूळ, चहापत्ती आणि डाळ घेतली. पहिली पाटी गावाबाहेर खड्डा करून पुरली. त्या जागेवर पुढं एरंड फार जोमानं आला म्हणतात. काठावर आल्यावर आईनं आपले भाजीचे पैसे काशीमावशीपुढं धरले, नुकसानीचे म्हणून. मावशीनं त्यांच्याकडं बघितलंही नाही, उरलेली कोथिंबिरीची एक जुडी तेवढी उचलली. म्हणाली, "बरफ काडू नको, हे सांगायचं राह्यलं माजं. पर आसं बी कोन करतं, हे मला काय ठावं?"

दारात ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत कणगी, खाट आणि आमची ट्रंक चढली होती. मामा कपाळाचा घाम पुसत होता. आबांनी पिशवीत हात घालून एकेक वस्तू बाहेर काढून बघितली, गूळ हुंगून बघितला, आणि कुणी विकलं ते विचारलं. मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, म्या. आबांनी पिशवी खाली ठेवली. "हात लावलास?"

खोटं बोलायला जागा होती. माझ्यासारखीनं तिथं अख्खा वाडा बांधला असता. आई म्हणाली, "लावला. पोरगी रडत व्हती." मग तिनं दोन्ही हात मानेमागं नेले, माळेच्या गाठीवर ठेवले आणि विचारलं, "उतरवू का?"

आबा तसेच बाहेर गेले. मामानं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. बाहेर दगड आपटल्याचा आवाज आला, मग दुसरा. मला वाटलं रागानं काहीतरी फोडतायत. मागच्या दारातून डोकावले तर आबा घराच्या मागं बाभळीखाली उकिडवे बसून तीन दगड मांडत होते. एक हलत होता, त्याखाली त्यांनी खापरी सारली. पाण्याचं पातेलं ठेवून बघितलं, कलतं का. नाही कललं. मग हात झटकत आत आले आणि आईकडं न बघता म्हणाले, "माळ ऱ्हाऊ दे. तसलं करायचं तर भाईर करा, घरात नको." आणि मामाकडं वळून म्हणाले, "पाव्हणं, च्या घ्या आन् खाट उतरवायला हात लावा."

आता सांगते, त्या तीन दगडांवर मी पहिल्या दिवशी जे कालवण केलं ते कुत्र्यानंही हुंगून सोडून दिलं. काशीमावशीनं ते चाखलं आणि म्हणाली की मासा मेला ते एकदाच, तू त्याला परत मारलास. पुढं तिनंच हाताला धरून शिकवलं. आज त्या बाभळीच्या जागेवर पत्र्याची शेड आहे, तिच्यात गॅसच्या शेगड्या आहेत, बाहेर रंगीत पाटी आहे, आणि शनिवार-रविवारी उभं राहायला जागा नसते. आबांनी शेवटपर्यंत मासा खाल्ला नाही, पण म्हातारपणी गल्ल्यावर तेच बसायचे आणि कुणी ताटात टाकून उठलं तर त्यांना फार राग यायचा. आईची माळ तिच्याबरोबर गेली.

हे एवढं सगळं झालं म्हणून आम्ही इथं राहिलो, आणि आम्ही राहिलो म्हणून तुम्हाला यायला एक दार आहे. तेव्हा या. थंडी आहे तोवर या, आमटीभाकरी खाणारे असाल तरी या, तुमच्यासाठी घरातली चूल वेगळी आहे. कधी येणार ते आत्ताच सांगा, माझ्या वयाच्या माणसाला नंतर-बिंतर म्हणू नका. लवकर या.